न वाकण्याचे दिवस

माझा डावा डोळा काचबिंदूने गेला तेव्हा मी अजून नोकरीत होतो. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. वर्गात पुस्तक थोडे उजवीकडे धरून वाचायची सवय मी लावून घेतली, आणि मुलांनीही ते कधी पाहिल्यासारखे दाखविले नाही. निवृत्तीनंतर उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला. पहिल्यांदा समोरच्या गुळगुळीत भिंतीला धुके लागले, मग नित्यपाठाच्या पोथीतल्या ओळी एकमेकींत मिसळल्या, आणि शेवटी अशी वेळ आली की सकाळी शाळिग्रामाला गंध लावावे तर बोट ताम्हनाच्या काठावर टेकायचे. पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत उभी असे. भांडी विसळण्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात गावातल्या धानाच्या व्यापाऱ्यांनी मिळून डोळ्यांचे शिबिर भरविले. डॉक्टर बाहेरून येणार होते. शाळेच्या इमारतीत बाके हलवून वर्गावर्गांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरली, तिच्यावर सतरंज्या, आणि रोग्यांच्या दोन रांगा. नागपूरला जावे, असे नातलगांचे म्हणणे होते. पण नागपूरच्या दवाखान्यात पत्नीला माझ्याजवळ बसू दिले नसते, आणि ती जवळ नसताना अंधारात पडून राहण्याची कल्पना मला सहन होईना. हे मी कोणाला सांगितले नाही. बालाघाटचे हवापाणी मानवते, एवढेच सांगितले.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. तपासून झाल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "पंडितजी, एक ही आँख बची है. ऑपरेशन मैं कर दूँगा. उसके बाद आँख मेरे हाथ में नहीं, आपके हाथ में है. सिर हिला, खाँसी आई, झुके, तो गई. फिर भगवान भी नहीं जोड़ेगा."

"भगवंताविषयी एवढे निश्चित सांगू नये," असे माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. बाहेर आल्यावर पत्नी म्हणाली, "मी देवीला बोलले आहे हं. डोळा नीट झाला की नऊ सवाष्णी जेवायला घालीन."

"देवाशी सौदा करू नये, असं मी तुला किती वेळा सांगितलं."

"तुमचा देव तुमच्यापाशी, माझी देवी माझ्यापाशी," ती म्हणाली. "तुम्ही फक्त गप पडून राहा. तेवढं जमेल ना?"

ते जमेल याविषयी मला शंका नव्हती. लहानपणी पाठशाळेत असताना गुरुजी आम्हां विद्यार्थ्यांना एका आसनावर बसवून मधोमध पाण्याने भरलेली वाटी ठेवीत आणि पाठ होईपर्यंत तिच्यातले पाणी हलता कामा नये, असे सांगत. एकादशीचा उपास, चातुर्मासातले मौन, रागाच्या वेळी उत्तर पुढच्या दिवशी देण्याचा नेम, हे सगळे मी वर्षानुवर्षे पाळले होते. संयम म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून मला तणशीवर उताणे निजविले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. स्वयंसेवकाने नियम पुन्हा एकदा मोठ्याने सांगितले: मान हलवायची नाही, खोकायचे नाही, शिंकायचे नाही, जोराने बोलायचे नाही, काही चावायचे नाही. पेज, दूध, वरणाचे पाणी. कुशीवर वळायचे नाही.

पहिल्याच प्रहरी मला कळून चुकले की आसनावर बसणे ही एक गोष्ट आहे आणि न हलण्याची भीती बाळगून पडून राहणे ही दुसरी. आसनावर मनुष्य स्वतःहून बसलेला असतो. इथे घशात तणशीचा कण खवखवू लागला की सगळे शरीर त्या एका कणाभोवती गोळा व्हायचे. श्वास अर्धा अर्धा घेऊन, जीभ टाळूला लावून मी ती उबळ परतवीत असे. ती परतली की अंगाला घाम सुटे, आणि हिवाळ्याच्या गारठ्यात तो घाम थंड पडे. मग पुढची उबळ केव्हा येईल याची वाट पाहत राहायचे.

संध्या नव्हती, आचमन नव्हते, नमस्कार नव्हता. म्हणून मी मानसपूजा धरली. मनातल्या मनात स्नान, मनातल्या मनात गंध, फूल, दीप. पण निरांजनापाशी आलो की पूजा अडायची. मनातली ती वात मला पेटवता येईना. काडी ओढावी आणि ज्योतीच्या जागी डॉक्टरांचा आवाज यावा, "तो गई." पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. ज्याच्यावर सगळा भार टाकला आहे असे मी आयुष्यभर म्हणत आलो होतो, त्याच्यावर तो भार प्रत्यक्षात टाकायची वेळ आली तेव्हा माझ्या मुठी आवळलेल्याच होत्या.

पाणी पाजायला एक बाई येत. तोटीचा कप ओठांना लावीत आणि म्हणत, "हळूच, बाबाजी." त्या कोण, कुठल्या वस्तीतल्या, हे मी विचारले नाही. तोवर आमच्या घरात ते विचारल्याशिवाय पाणी घेतले जात नसे. पत्नी दुपारी आली तेव्हा तिने दबक्या आवाजात विचारले, "कोण आहे ती, काही कळलं?"

"नाही."

माझ्या पायांवरचे पांघरूण सारखे करीत ती म्हणाली, "बरं केलं."

माझ्या उजव्या हाताला बैहरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातले धान पिकवणारे वृद्ध शेतकरी होते. त्यांना मी कधी पाहिले नव्हते. आवाज भरदार, म्हणून माणूसही आडव्या बांध्याचा असेल, असे मी धरून चाललो होतो. त्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून पिकायचा होता. ते मला गुरुजी म्हणत आणि मी त्यांना पाटील म्हणत असे, जरी गावची पाटीलकी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

"गुरुजी, जागे हा का?"

"आहे."

"मी म्हन्तो, ह्या डाक्टरनं आपल्याले मुर्द्यावानी निजवून ठेवलं. खांदेकरी तेवढे यायचे राह्यले."

"बोलू नका पाटील. ओरडतील."

"हौ जी. मी काही बोलून नाही राह्यलो. तुमीच बोलून राह्यले."

हसण्याचीही बंदी होती. ते मला हसवीत आणि मी पोट दाबून ते हसू अडवीत असे. त्या अंधारात मला त्यांचा मोठा आधार होता. ते दिवसातून अनेकदा आपल्या भाच्याविषयी बोलत. भाचा मँगनीजच्या खाणीत कामाला होता. त्यांची एकुलती बहीण वारली तेव्हापासून तो त्यांच्याच घरी वाढला होता, आणि खाणीतून सुटी मिळाली की भेटायला येणार होता.

"आमच्याकडे भाचा म्हन्जे देव, गुरुजी. तुमच्यात असन नसन."

आमच्यातही होते. विदर्भातून जे जे लोक इकडे येऊन वसले त्या सगळ्यांत ही रीत आहे. मामाने भाच्याच्या पाया पडायचे. भाचा वयाने केवढाही लहान असो, मामा केवढाही थोर असो. घरात पाऊल पडले की आधी मामा वाकतो, मग पाणी, मग बोलणे. माझे वडील ओणवे होऊन पाळण्यातल्या भाच्याच्या पायांना कपाळ लावीत, ते मी पाहिलेले आहे. या रीतीत विचार नसतो. ठेच लागली की हात जसा पुढे जातो, तसे ते शरीरच करते.

एका दुपारी स्वयंसेवक जेवायला गेले होते. पत्नी देवापुढे दिवा लावून यायला घरी गेली होती. गोंदियाकडून येणाऱ्या लहान आगगाडीची शिटी वाजून गेली, आणि थोड्या वेळाने दारातून एक तरुण आवाज आला.

"मामाजी?"

मला फक्त ऐकू आले ते असे: उजवीकडे तणस एकदम खसखसली, वाळूची एक पिशवी घसरून माझ्या कोपराशी आली, आणि पाटील म्हणाले, "आले का जी भाचेबुवा, या, या." तो मुलगा ओरडला, "मामाजी, नाही! पडून राहा, मामाजी!" पण तोवर ते उठून, वाकून, त्याच्या पायांपर्यंत पोचले होते. आणि मग मी आयुष्यात पुन्हा न ऐकलेला एक आवाज. ती किंकाळी नव्हती. ओझे डोक्यावरून खाली पडताना माणसाच्या छातीतून निघतो, तसा काहीसा तो आवाज होता.

"डोळ्यात काही फुटलं गुरुजी," ते म्हणाले. "गरम लागून राह्यलं."

मुलाची पावले धावत बाहेर गेली. तो कोणाला बोलवायला गेला की घाबरून पळाला, हे मला समजेना. माझ्या शेजारी तणस पुन्हा हलली, कापड ओढल्याचा आवाज आला, आणि मला कळले की ते पट्टी सोडू पाहत आहेत.

त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते सांगतो. पहिला विचार माझ्या डोळ्याचा आला. जोराने बोलायचे नाही, हलायचे नाही. आणि त्या विचाराच्या पाठीमागे, त्यालाच चिकटून, एक फार सुंदर वाक्य आले: देव त्यांची काळजी घेईल. ते वाक्य मी दुसऱ्या कोणत्याही दिवशी खरे मानले असते. त्या दिवशी ते इतके वेळेवर आले की मला त्याचीच भीती वाटली.

मी पोटातून हाक मारली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचविण्याचा माझा जुना आवाज होता, तो सगळा लावला. "कोणी आहे का! इकडे या! जल्दी आइए!" उजव्या डोळ्यात सुई फिरल्यासारखी कळ गेली. मान तशीच ठेवून मी उजवा हात तणशीवरून सरकवीत नेला. आधी सतरंजी लागली, मग गुडघा, मग मनगट. ते मी धरले.

"सोडा गुरुजी. मले पाहू द्या."

"नाही पाटील. पट्टीला हात लावायचा नाही."

"गरम लागून राह्यलं न जी."

"लागू दे. हात माझ्याकडे द्या."

त्यांच्या अंगात माझ्या दुप्पट बळ असणार, असे मला वाटत होते. पण ते मनगट फार बारीक होते. त्यांनी एकदा ओढून पाहिले आणि मग सोडून दिले. मी पुन्हा पुन्हा हाका मारीत राहिलो. लोक धावत आले, डॉक्टर आले, त्यांना उचलून नेले. डॉक्टर परत जाताना माझ्यापाशी थांबले. "चिल्लाए आप थे?"

"हो."

त्यांनी माझ्या डोक्याजवळची पिशवी नीट लावली. मी विचारले, माझी पट्टी उघडून पाहता का? "खोलने के दिन ही देखेंगे," ते म्हणाले आणि गेले.

पाटलांच्या डोळ्यात रक्त उतरले होते. संध्याकाळी त्यांना पुन्हा जागेवर आणून निजविले. भाचा खोलीत आला नाही. माझ्या पत्नीला तो शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली डोके गुडघ्यांत घालून बसलेला दिसला. तिने पेज नेऊन दिली, ती त्याने घेतली नाही. "मावशी, माझ्या पाया पडायलेच ते उठले," एवढेच तो तिला म्हणाला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहिणे कठीण आहे. माझ्या डोळ्यात टोचणी राहिली होती. ती शस्त्रक्रियेची की त्या हाकेची, हे कळायला मार्ग नव्हता. मानसपूजा तर पूर्णच मोडली. मनात देवापुढे उभे राहावे तर पाटलांची तणस खसखसायची. आपला डोळा वाचावा, अशी प्रार्थना करायला मला लाज वाटू लागली, आणि ती केल्यावाचून राहवतही नव्हते. मी फक्त नाम घेत पडून राहिलो, बैल रहाटाला चालतो तसे. त्याला भक्ती म्हणावे की नाही, मला सांगता येत नाही.

आता पाटील विनोद करीत नव्हते. एका सकाळी बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला.

"गुरुजी, तुमी शास्तर वाचेल हा. एक सांगा."

"विचारा."

"भाच्यात देव असते म्हन्तात. मंग देवाच्या पाया पडल्यानं डोळा जाते काहून?"

मला अनेक वचने पाठ होती. प्रारब्धाची होती, परीक्षेची होती, देहाच्या नश्वरतेची होती. मी त्यांच्यातले एकेक उचलून पाहिले. त्यांतले एकही त्या माणसाच्या हातात ठेवण्याजोगे मला वाटले नाही.

"मला उत्तर येत नाही, पाटील."

"मंग राहू द्या," ते म्हणाले. "मलेबी येत नाही. मले वाटलं, मलेच येत नाही."

पट्ट्या उघडायच्या दिवशी आधी माझी उघडली. डॉक्टरांनी पापण्या पुसल्या आणि बोटे पुढे धरली. बोटे दिसली. किती, ते मी बरोबर सांगितले. पत्नी माझ्या मागे उभी होती. तिने घेतलेला श्वास मला ऐकू आला. मग डॉक्टर बराच वेळ विजेरी लावून पाहत राहिले. बुबुळ एका बाजूला थोडे ओढले गेले आहे, म्हणाले. चष्मा लागल्यावर मोठी अक्षरे वाचता येतील. बारीक अक्षरांचे सांगता येत नाही. हाकेमुळे झाले का, असे मी विचारले. "हो सकता है. न भी हो," ते म्हणाले.

मग पाटलांची उघडली. त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. मी त्यांना तेव्हा प्रथम पाहिले. अंगाने अगदी लहानसे, सुकलेले, खांद्याची हाडे वर आलेली. तो आवाज या देहात कुठे मावत होता, हे मला समजेना. डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या डोळ्यासाठी पुढच्या हिवाळ्यात या, असे सांगितले आणि बजावले, "अब महीनों झुकना नहीं, बाबा. किसी के सामने नहीं."

"हौ साहेब," ते म्हणाले. आणि मग माझ्या दिशेने, हलकेच, "भाच्याच्या पायी गेला, गुरुजी. कुत्र्याच्या पायी तं नाही गेला." ते हसले. मला हसता आले नाही.

आम्ही व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून खाली आलो. भाचा आवारात उभा होता, बावीस-तेवीस वर्षांचा असेल, खाणीच्या काळपट मातीने कडा रंगलेला सदरा घातलेला. मामाला पाहून तो पुढे आला, पण हाताच्या अंतरावर थांबला.

"चला मामाजी. बैहरची बस निघन."

"आलो. पन थांब. त्या दिवशी पुरते पडलो नाही तुझ्या पाया."

"नाही मामाजी." त्याने चटकन पाय मागे घेतले. "आता कधीच नाही. तुमाले माझी आन हाय."

"अरे, तू माझ्या बहिनीचा."

"म्हनूनच म्हन्तो न जी!"

वृद्ध माणूस दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. त्यांना एका डोळ्याने अंधुक दिसत होते आणि दुसऱ्याने फक्त उजेड. पाय कुठे आहेत हे त्यांना समजत नव्हते, आणि वाकायची बंदी होती. मुलगा रडत होता. तो अजून मागे सरला असता तर ते हात तसेच राहिले असते.

माझ्या पत्नीने त्याचा दंड धरला. "अरे बाबा, तू वर चढ ना," ती म्हणाली. "इथं ओट्यावर उभा राहा. त्यांना वाकावंच लागणार नाही."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग व्हरांड्याच्या उंच ओट्यावर चढून काठाशी उभा राहिला. पत्नीने पाटलांचा हात धरून ओट्याला लावून दिला. त्यांची बोटे दगडावरून चाचपडत गेली आणि मुलाच्या अंगठ्याला लागली. पाठ ताठ ठेवून त्यांनी दोन्ही पाय धरले, आणि हात आपल्या कपाळाला नेऊन लावले, डोळ्यांच्या वर, जपून. मुलाने डोळे मिटून घेतले होते. असा नमस्कार घेताना इतके दुःखी झालेले माणूस मी दुसरे पाहिले नाही.

ते दोघे फाटकातून बाहेर पडले. मुलगा एक पाऊल पुढे होता आणि मामाचा हात त्याच्या खांद्यावर होता.

"तुम्हांला नीट दिसतंय ना हो?" पत्नीने विचारले.

"दिसतंय," मी म्हणालो.

चष्मा आला तेव्हा कळले की धुके काही प्रमाणात राहणारच. नित्यपाठाची पोथी पुन्हा वाचता आली नाही. पाठ होते तेवढ्यावर चालू आहे. पत्नीने नऊ सवाष्णी जेवू घातल्या, मी तिला अडविले नाही. मी कृतज्ञ आहे. पण देवापुढे बसून तसे म्हणू लागलो की वाक्य पुरे होत नाही. पुढचा शब्द म्हणण्याआधी मला पाटलांच्या डोळ्याविषयी विचारावेसे वाटते, आणि विचारून झाले की मी हात जोडून बसून राहतो.